चटणीच्या दिवशी पोलीस आले

आमच्या घरात हळू बोलणं ही तब्येत बरी नसल्याची खूण होती. कुणी खालच्या आवाजात "जेवतो" म्हणालं की आई लगेच त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली आमची गल्लीच तशी. समोरच्या घरात भांडण लागलं तर ते कान देऊन ऐकावं लागत नसे, उलट आपलाच टीव्ही आपल्याला ऐकू यायचा नाही. आणि अशा गल्लीतही आवाजासाठी ओळखली जाणारी बाई म्हणजे माझी आई. तिचं नाव मंगल, गल्लीला ती मंगलाक्का. हातकणंगल्याकडच्या एका खेड्यात रानातल्या घरात वाढलेली. या बांधावरून त्या बांधाला हाक मारायची सवय लग्न करून पेठेत आल्यावरही सुटली नाही. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी असतानाच ती खिडकीतून त्याच्याशी घासाघीस उरकायची, तो बिचारा दारापर्यंत यायचा तो फक्त मेथी द्यायला. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पुण्यात नोकरी लागल्यावर मी ते मोडून 'येते, जाते' करून घेतलं, कारण ऑफिसातल्या मुली हसायच्या. पण सुट्टीला घरी आले की आईचं "आलो, आलो, दार मोडतीस व्हय गं!" हे आतून ऐकू आल्याशिवाय मला पोचल्यासारखं वाटायचं नाही.

ती पहिली नोकरी जेमतेम अंगवळणी पडत होती, तेवढ्यात लॉकडाऊन लागून सगळं बंद झालं आणि मी लॅपटॉप पाठीला बांधून कोल्हापूरला परत आले. आमचं घर एकामागं एक तीन खोल्यांचं. पुढची खोली पप्पांनी घेतली. पप्पा एका विमा कंपनीच्या शाखेत साहेब होते, आणि साहेब माणसाच्या मागं देव्हारा दिसून चालत नाही म्हणून देवांसकट देव्हारा आत सरकला. मधली खोली दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. तो खाजगी क्लासमध्ये गणित शिकवायचा आणि त्याला पाठीमागं मोकळी भिंत लागायची. राहिलं स्वयंपाकघर. तिथं फ्रिज आणि मागचं दार यांच्या मधल्या कोपऱ्यात आईचं शिलाई मशीन होतं. त्याच्यावर जुनी चादर घालून मी माझं ऑफिस मांडलं. "तिला आता कुठं शिवायचंय? सगळं बंदच हाय की," असं पप्पा म्हणाले, आणि आईनंच हसत हसत मशीनची सुई काढून डबीत ठेवली. माझ्या गुडघ्याला लागू नये म्हणून.

पहिले काही दिवस आमच्याकडं यात्रा होती म्हटलं तरी चालेल. बाहेरच्या बातम्या वाईटच होत्या, पण सगळी माणसं एका छपराखाली आहेत याचा आईला इतका आनंद झाला होता की ती सारखी काहीतरी तळत, भाजत, थापत असायची. सकाळी आंबोळ्या आणि खोबऱ्याची चटणी, दुपारी लसणाचा झणझणीत झुणका आणि भाकरी, चारला भडंग, संध्याकाळी दहीधपाटे. खाऊन खाऊन सुस्तावलेला दादा ऑनलाइन वर्गात खुर्चीतच घसरत जायचा आणि मुलं विचारायची, सर, तुम्ही आडवे होऊन शिकवताय का. पप्पांना तर शाखेतला डबा खाऊन इतकी वर्षं काढल्यावर ताटात वाफ येणारी आमटी म्हणजे लग्नाची पंगतच वाटत होती. त्या दिवसांतले वास मला अजून येतात. आताही मी आठवड्यातले काही दिवस घरून काम करते आणि मेसच्या डब्यातलं गार खाते, तेव्हा तर हटकून येतात.

मग कुकरची शिट्टी झाली. पप्पांची मीटिंग चालू होती, वरचे साहेब काहीतरी गंभीर बोलत होते, आणि आमच्या कुकरनं अशी काही आरोळी ठोकली की साहेबांनी थांबून विचारलं, "काय शिजतंय?" पडद्यावरचे सगळे हसले. पप्पा हसले नाहीत. मीटिंग संपल्यावर ते आत आले आणि आईला अगदी शांतपणे म्हणाले, "मंगल, मीटिंगच्या वेळी कुकर लावत जाऊ नकोस." एवढंच. ओरडले नाहीत, काही आपटलं नाही. पप्पा ओरडणाऱ्यांपैकी नव्हतेच. आईनंही "बरं" म्हटलं, कारण मागणं रास्त होतं.

पण कुकरमागून मिक्सर आला. मिक्सरमागून मोरीतली भांडी. दादा म्हणाला, नळाखाली बादली ठेवत जा, पाणी पडल्याचा आवाज मुलांना ऐकू जातोय. मी म्हणाले, आई, फोनवर बोलायचं असलं तर गच्चीवर जा ना प्लीज. मग खिडकीतून हाक मारणं बंद झालं. दुपारी टीव्ही बंद झाला. पाट्यावर वाटायचं नाही, खलबत्ता काढायचा नाही, डबे आपटायचे नाहीत, आणि शिंक आली तर पदर. चहा हवा असला की पप्पा अंगठा वर करायचे, नको असला की तळवा दाखवायचे. आईनं या सगळ्या खुणा पाठ केल्या. अनवाणी यायची, कप ठेवायची, जायची. तिघांच्या मीटिंगा तीन वेळांना, त्यामुळं घरात सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत कुठंतरी कुणीतरी "हॅलो, माझा आवाज येतोय का?" असं विचारत असायचंच. आमचे तिघांचे आवाज सगळ्या महाराष्ट्रात पोचत होते. एके दिवशी जेवताना पप्पा समाधानानं म्हणाले, "आता घराला शिस्त लागली बघ." दादानं मान हलवली, मीही हलवली. आई भाकरी वाढत होती. ती हल्ली दुपारी गच्चीच्या जिन्यात जाऊन बसायची. जिन्यात वारं लागतं म्हणून बसत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

उन्हाळा आला की आमच्याकडं वर्षाची चटणी होते. बाहेरगावच्या माणसाला चटणी म्हणजे ताटातली डावी बाजू वाटते, पण कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसणाचं तिखट, ज्याच्याशिवाय इथं आमटी होत नाही, अंडं होत नाही आणि पावणाही जेवत नाही. मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, कांदा चिरून उन्हात सुकवायचा, खोबरं-धणे-तीळ-खडा मसाला तेलावर भाजायचा, आणि सगळं डोक्यावर घेऊन डंकावर जायचं. डंक म्हणजे विजेवर चालणारी मुसळं. तिथं बायकांची ही रांग, सगळ्यांची नाकं लाल, आणि प्रत्येकीचा जीव आपल्या चटणीत दुसरीची मिसळू नये म्हणून टांगलेला. त्या वर्षी डंक बंद होता. आईनं मिरच्या आधीच भरून ठेवलेल्या. पप्पा म्हणाले, "यंदा राहू दे, कुठंतरी पाकीट मिळंल." आई फक्त "न्हाय" म्हणाली. मागच्या दाराबाहेर, परसात, फरशीत बसवलेलं दगडी उखळ होतं. आजीच्या काळानंतर त्यात पावसाचं पाणी आणि कडुलिंबाची पानंच तेवढी पडलेली. आईनं ते घासून धुतलं, आणि मुसळ कुणाकडून तरी गच्चीवरून गच्चीवर करत मागवून घेतलं.

ती शनिवार-रविवारसाठी थांबणार होती, हे मला नक्की माहीत आहे, कारण तिनं तसं मला विचारून घेतलं होतं. पण गुरुवारीच आभाळ भरून आलं. गच्चीवर वाळून कुरकुरीत झालेल्या मिरच्यांना ओल लागली तर त्या चिवट होतात, मग बत्तीस मुसळं आणली तरी कुटत नाहीत. आईनं आभाळाकडं बघितलं, मिरच्या खाली आणल्या, कढई ठेवली.

माझी त्या वेळी मोठी मीटिंग होती. आमच्या टीमच्या प्रमुख सायली मॅडम, पुण्याच्या, अतिशय नीटस बाई. वाक्यसुद्धा इस्त्री करून बोलायच्या. त्यांच्यासमोर आणि आणखी सात-आठ जणांसमोर मी पहिल्यांदाच माझं काम मांडत होते. तोंड उघडलं आणि मागून खकाणा आला. मिरची तेलावर पडल्याचा तो धूर ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, घशात काटा. मी तशीच बोलत राहिले, मधेच हुंदका दिल्यासारखा ठसका, परत "तर पुढचा मुद्दा असा". तेवढ्यात पाठीमागं धप्प झालं. मग धप्प, धप्प, धप्प. मुसळ उखळात पडलं की आमची फरशीसुद्धा हादरायची, शिलाई मशीन हादरायचं, आणि त्याच्यावरचा लॅपटॉप. पुढच्या खोलीतून पप्पा ओरडले. पप्पांचं ओरडणं मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. "मंगल! बंद कर! बंद कर म्हणतोय न्हवं!" मधल्या खोलीतून दादा, "आई, बास की!" आणि माझ्या अगदी कानामागून, इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा, आईचा आवाज आला. आपला, खरा, बांधावरचा. "न्हाय बंद करत! काय करायचं ते करा जावा!" आणि धप्प.

मी कॅमेरा बंद केला. सायली मॅडमचा लगेच मेसेज आला, "पल्लवी, घरी सगळं ठीक आहे ना? बोलू शकतेस का?" मी पदर नव्हता म्हणून ओढणीनं डोळे पुसत उत्तर लिहिलं, "आत्ता नाही बोलू शकत. सॉरी, आमच्या घरी हे असंच असतं." आणि तोंड धुवायला मोरीत गेले. यात काही वावगं लिहिलं असं मला तेव्हा वाटलं नाही, खरं सांगायचं तर आजही वाटत नाही. आमच्या घरी ते तसंच असतं.

जेवणं व्हायच्या आत दारात पोलिसांची गाडी उभी. त्या दिवसांत गल्लीत गाडी आली की लोक घाबरायचे, कारण ती विलगीकरणाला माणूस घेऊनच जायची. सगळ्या खिडक्या उघडल्या आणि सगळ्या गप्प. आत आल्या त्या एक हवालदार बाई, तोंडाला मास्क, हातात काठी, बरोबर एक शिपाई. "पल्लवी कोण हितं?" मी पुढं झाले. "पुण्यातनं फोन आलाय. घरात मारहाण चाललीया म्हणून." पप्पांचा चेहरा असा पांढरा पडला की मला त्यांनाच धरावंसं वाटलं. ऑफिसचा शर्ट, खाली घरातली पट्ट्यापट्ट्यांची विजार, हातात अजून पेन. ते काहीतरी बोलायला गेले तर बाई म्हणाल्या, "पावणं, तुमी जरा बाजूला व्हा. पोरीला बोलू द्या."

मग मी काय झालं ते सांगितलं. कढई दाखवली, उखळ दाखवलं, माझे डोळे दाखवले. हवालदार बाई परसात जाऊन वाकल्या, मास्क खाली घेतला, आणि त्यांना अशी सटासट शिंक लागली की शिपाई मागं सरकला. शिंका थांबल्यावर त्या हसायलाच लागल्या. "अगं बाई! चटणी व्हय! आमची बी राहिलीया की, डंक बंद पडल्यापास्नं मिरच्या तशाच पडल्यात." दादा हसला, मी हसले, पप्पांनी विजारीला हात पुसत मोठ्ठा श्वास सोडला आणि म्हणाले, "मंगल, मॅडमना च्या टाक." आई उखळाजवळ उभी होती. हाताला कोपरापर्यंत मिरची लागलेली, पदर खोचलेला, मुसळ तिनं अजून खाली ठेवलं नव्हतं. ती हसत नव्हती.

"च्या नको," हवालदार बाई म्हणाल्या. "फकस्त एक. नियम हाय म्हणून घरातल्या दुसऱ्या बाईला बी इचारावं लागतं. काकू, तुमाला घरात काय त्रास?"

आई म्हणाली, "हाय."

तो एक शब्द. मला आधी वाटलं ती थट्टा करतेय. आमच्याकडं थट्टा अशीच तोंड गंभीर ठेवून करतात. दादा तर हसत हसतच म्हणाला, "आई, अगं पोलीस हायेत त्या." आई त्याच्याकडं बघायलाही तयार नव्हती. हवालदार बाईंचं हसू मावळलं. त्या जवळ गेल्या आणि सवयीनं, नवऱ्यानं पिरगाळल्याच्या खुणा बघतात तसं, आईचं मनगट हातात घेऊन वळवून बघितलं. हिरव्या बांगड्यांच्या वरून दुधाच्या पिशवीला लावतात ती रबरं गुंडाळली होती. एकावर एक, घट्ट. दोन्ही हातांना. रबराखालची कातडी दबून लालभडक झाली होती आणि तिच्यात मिरची भरली होती.

"ह्ये काय?" बाईंनी विचारलं.

"बांगड्यांचा आवाज हुतोय," आई म्हणाली. "त्येंच्या मीटिंगीत."

कुणी सांगितलं होतं तिला? मी पप्पांकडं बघितलं, पप्पांनी दादाकडं, दादानं माझ्याकडं. नंतर आम्ही तिघांनी एकमेकांना शंभरदा विचारलं. कुणीही सांगितलं नव्हतं. तिनं ते आपलं आपणच केलं होतं. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलंय.

"अगं," पप्पा म्हणाले, "मी कधी हात उगारला का तुझ्यावर? इतक्या वर्षांत? सांग की मॅडमना."

"न्हाय उगारला."

"दारू पितो? शिव्या देतो?"

"न्हाय."

"मग त्रास कसला गं?"

आईनं मुसळ भिंतीला टेकवलं. "मारलं असतं तर वरडाय तरी आलं असतं मला," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात हळू वाक्य असेल ते, आणि समोरच्या खिडकीपर्यंत ऐकू गेलं. मग ती हवालदार बाईंकडं वळली. "मॅडम, मारल्याचं कलम असंल तुमच्याकडं. घरात माणूस हाय का न्हाय ह्ये सुदिक कुणाला न कळल्याचं कलम हाय का? असलं तर लिवा. नसलं तर ऱ्हाऊ द्या. तक्रार न्हाय माझी कुणावर. फकस्त मला हितनं न्या. माझा भाऊ हातकणंगल्याच्या अलीकडं ऱ्हातोय. त्येच्या रानात सोडा."

हवालदार बाईंनी मास्क परत वर ओढला. त्यांना नेता येत होतं की नाही, नियमात बसत होतं की नाही, मला माहीत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "माझी ड्यूटी शिरोलीच्या नाक्यावर हाय आता. भावाला नाक्यावर यायला सांगा. कापडं घ्या." आईनं हात धुतले नाहीत. तशीच आत गेली, दोन पातळं पिशवीत कोंबली, मामाला फोन केला आणि फोनवर ती मनसोक्त मोठ्यानं बोलली. दारातून बाहेर पडताना पप्पा आडवे झाले नाहीत. ते भिंतीला टेकून उभे होते आणि ती जाताना त्यांनी तिला वाट दिली, ऑफिसात वरच्या साहेबाला देतात तशी. मी जीपपर्यंत गेले. "आई, मीपण येते," असं मी म्हणाले की म्हणायचं राहून गेलं, नीट आठवत नाही. ती म्हणाली, "चटणी अर्धी कांडलीया. झाकून ठिव. मुंग्या लागतील." गल्लीतल्या इतक्या बायका खिडक्यांत उभ्या, आणि एकीनंही "मंगलाक्का, कुठं चाललीस?" म्हणून विचारलं नाही. पेठेत असं कधी झालेलं नाही.

संध्याकाळी सायली मॅडमचा फोन आला. मी मेसेजमधून खरं काय ते कळवलं होतं. त्या इतक्या ओशाळल्या होत्या की त्यांची इस्त्री पार उतरली होती. "पल्लवी, मला माफ कर, माझा केवढा मोठा गैरसमज झाला." गैरसमज झाला म्हणावं तर आईनं "हाय" म्हटलं होतं. नाही झाला म्हणावं तर आमच्या घरात कुणी कुणाला बोटही लावलं नव्हतं. मी "इट्स ओके" म्हणून फोन ठेवला.

पुढचे दिवस आम्ही तिघं घरात कसे वावरलो ते सांगण्यासारखं नाही. दूध मीटिंगमध्ये बसलेल्या माझ्या पाठीमागं उतू जायचं, आणि गॅस बंद करायला पप्पा आणि दादा आपापल्या खोलीतून धावायचे. भात कधी गिच्च, कधी कच्चा. शिट्टीच्या भीतीनं दादा कुकर लावायचाच नाही. घर इतकं शांत होतं की पप्पांच्या मीटिंगमध्ये साहेबांनी कौतुक केलं म्हणे, आज आवाज अगदी क्लिअर येतोय. त्या दिवशी पप्पा जेवले नाहीत. ते चिडले होते, पेठेत इज्जत गेली म्हणून दादासमोर दोनदा बोलले, मग बोलायचेही थांबले. आपण चांगला नवरा आहोत याबद्दल त्यांना आयुष्यात कधी शंका आली नव्हती. घर चालवलं, पोरं शिकवली, आवाज चढवला नाही. माणसानं हिशेब बरोबर जुळवावा आणि तरी कुणीतरी म्हणावं हे सगळंच चूक आहे, तसा त्यांचा चेहरा झाला होता. आईचा फोन आम्हाला यायचा, दादाला आणि मला. पप्पांना नाही. आणि तेही करत नव्हते.

जरा सूट मिळाल्यावर एका सकाळी पप्पांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चल. आईला आणायला जाऊ." मी गाडीवर मागं बसले. मामाच्या रानात पोचलो तेव्हा आई गोठ्यासमोर म्हशीला वैरण घालत होती आणि तिच्याशी भांडत होती. आम्हाला बघून तिनं हात झटकले. हातातल्या बांगड्या मोकळ्या होत्या. मामा समंजस माणूस, तो पाण्याचा तांब्या ठेवून लांब निघून गेला.

पप्पांनी वाटेत ठरवून आणलेलं वाक्य उभ्या उभ्याच बोलून टाकलं. "मंगल, चुकलं माझं. चल घरला."

"काय चुकलं?" आईनं विचारलं.

टोमणा नव्हता त्यात. ती खरंच विचारत होती. पप्पा म्हणाले, "घर लहान. जागा कमी पडली तुला."

"जागेचं न्हाय."

"काम लई पडलं. मी धुण्याभांड्याला बाई बघतो, लॉकडाऊन उठू दे."

"कामाचं न्हाय वो. काम मला नवं हाय व्हय?"

"मग मिक्सर, कुकर, कवा बी लाव. मी काय म्हणणार न्हाय."

आईनं नुसती मान हलवली. शाखेत भल्याभल्या गिऱ्हाइकांना गुंडाळणाऱ्या माझ्या पप्पांचा उत्तरांचा साठा संपला. "मग काय ते तुझं तुलाच ठाऊक!" म्हणून त्यांनी गाडीला किक मारली. मी आईकडं बघितलं. ती म्हणाली, "जा त्येंच्यासंगं. एकटं सोडू नगं." आणि परत म्हशीकडं वळली. आम्ही निघालो. आई येणार नाही, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा खरं वाटलं. तोपर्यंत तो रुसवाच वाटत होता.

हमरस्त्याला लागायच्या आधी पप्पांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. उतरले नाहीत, मागं वळलेही नाहीत. हँडल धरून समोर बघत म्हणाले, "पल्ले, काय चुकलं गं माझं?"

त्यांचा आवाज मी असा कधीच ऐकला नव्हता. लहान पोराला गणित येत नाही आणि मास्तर तर उभा आहे समोर, असा. मी म्हणाले, "मला काय विचारताय, पप्पा? तिला विचारा की."

"इचारलं की."

"नाही विचारलं. तुम्ही उत्तरं दिलीत."

मग त्यांनी गाडी वळवली.

आई अजून गोठ्यातच होती. पप्पा तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. इस्त्रीच्या शर्टावर धूळ बसली होती. "मला न्हाय कळत," ते म्हणाले. "कुठं चुकलं, खरंच न्हाय कळत. तू सांग. मी ऐकतो."

आईनं हातातली पेंडी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की वैरणीचा कचरा गेला होता, कोण जाणे. जांभळीखाली मामाची बाज होती, तिच्याकडं तिनं हात केला.

"बसा," ती म्हणाली. "नुसतं लॉकडाऊनचं सांगू, का लग्नाच्या दुसऱ्या दिवसापास्नं?"

पप्पांनी चपला काढल्या, बाजेवर मांडी घातली आणि म्हणाले, "पहिल्यापास्नं."